सूप मागितलं, सोप आला: गोष्टीतून खाण्याचे इंग्रजी शब्द शिकवताना

खाण्याचे इंग्रजी शब्द शिकवणं वरवर फार सोपं वाटतं. चित्रं सहज मिळतात, मुलांना विषयही आवडतो. पण वीस चित्रांचा तक्ता लावून घोकून घेतला, की आठवड्याभरात एगचं चित्र दाखवल्यावर 'मिल्क' असं उत्तर येतं. त्यात मुलांची चूक नसते. एकाच जातीचे नवे शब्द एकदम शिकले तर ते एकमेकांत गुंततात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांतून हे दिसलं. ते प्रयोग मोठ्या माणसांवर होते, पण पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात मला हेच रोज दिसतं. टिंकम यांच्या १९९७ च्या प्रयोगात एखाद्या प्रसंगाने जोडलेले शब्द मात्र सोपे गेले. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवते आणि गोष्ट घेते.

गोष्टीत शब्द नुसते पेरून भागत नाही. मुलं गोष्ट मजेत ऐकतात आणि शब्द तसेच कानाआड जातात. शब्द नीट उच्चारला नाही तर गोष्ट पुढे सरकूच नये, अशी तिची रचना हवी. माझ्या गोष्टीत ससा अस्वलाकडे पाहुणा म्हणून येतो. अस्वल प्रेमळ आहे, पण त्याला कमी ऐकू येतं. ससा म्हणतो, 'मिल्क, प्लीज.' अस्वल लगबगीने आत जातं आणि अंडी घेऊन येतं. ससा ओरडतो, 'नो, नो! मिल्क!' इथे सगळा वर्ग सशाच्या मदतीला धावतो. तीन-चार पदार्थांची अशी गडबड झाल्यावर ससा सूप मागतो आणि अस्वल बशीत साबणाची वडी ठेवून आणतं. सूप आणि सोप. हा शेवट कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

शब्द सहाच: मिल्क, एग्ज, ॲपल्स, ब्रेड, चीज, सूप. ब्रेड आपण मराठी बोलतानाही म्हणतो, त्यामुळे तो पहिल्या फेरीतच बरोबर येतो आणि मुलांना धीर येतो. निदान एक शब्द असा ओळखीचा ठेवावाच. अंडी आणि सफरचंदं मी मुद्दाम अनेकवचनात घेते आणि कार्डावरही तीन-तीन काढते. त्यामुळे 'एग्ज, प्लीज' आणि 'मिल्क, प्लीज' एकाच साच्यात बसतात. 'ॲन एग' हवं, पण 'अ मिल्क' चालत नाही, ही भानगड पहिल्या आठवड्यात काढायचीच नाही. पुढे 'आय लाइक एग्ज' शिकवताना हेच अनेकवचन कामी येतं.

कार्डं अर्ध्या ए-फोर कागदाची करते, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही दिसतात. चित्र निवडताना एक चूक हमखास होते. पेल्यातलं दूध दाखवलं की निम्मी मुलं 'ग्लास' म्हणतात. सूपचंही तसंच, त्याचं 'बोल' होतं. म्हणून दूध ओतताना दाखवायचं आणि सूपच्या वाडग्यातून वाफ निघताना. नुसतं पांढरं अंडं चेंडूसारखं दिसतं, तेव्हा तीनपैकी एक फुटलेलं काढायचं. भोकं पडलेलं त्रिकोणी चीज आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी फक्त गोष्टीच्या चित्रांतच पाहिलेलं असतं. मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असेल तेच काढा. खरे पदार्थ आणायचा मोह होतो, पण दूध, अंडी, गहू यांची ॲलर्जी काही मुलांना असते. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय चव द्यायची नाही.

गोष्ट सांगायला पाच-सहा मिनिटं लागतात. पहिल्यांदा मुलं फक्त ऐकतात. दुसऱ्यांदा मी सशाच्या तोंडचा शब्द येण्याआधी थांबते आणि मनात तीनपर्यंत मोजते. ही शांतता शिक्षकालाच जड जाते आणि तो शब्द पुरवून मोकळा होतो. तेवढं टाळलं तरी फरक पडतो. तिसऱ्यांदा सगळा वर्ग ससा होतो. त्यानंतर एक मूल ससा, एक अस्वल. अस्वलाला बोलायचं नसतं, फक्त ऐकून कार्ड आणायचं असतं. म्हणून वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांना मी ही भूमिका देते. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांतली बरीच जण स्वतःहून ससा व्हायला उठतात.

सगळ्यात मोठी फसगत क्रमाची असते. रोज दूध, अंडी, ब्रेड याच क्रमाने सांगितलं, तर मुलं शब्द नव्हे, चाल पाठ करतात. तोंडातून बरोबर ओळ निघते, आपणही खूश होतो, आणि मधलंच एक कार्ड काढून विचारलं की सगळे गप्प. या गोष्टीत अस्वल काय आणेल हे ठरलेलं नसल्याने क्रम दरवेळी बदलता येतो. फक्त सूप शेवटी ठेवायचं.

दुसरी अडचण माझ्या उशिरा लक्षात आली. अस्वल झालेल्या मुलाने चुकीचं कार्ड आणलं, तर ती गंमत की चूक, हे कसं कळणार? म्हणून चौथ्या दिवशी जाहीर करते, 'आज अस्वलाचे कान एकदम साफ आहेत.' त्या दिवशी आलेलं चुकीचं कार्ड ही खरी चूक. कोणता शब्द पुन्हा घ्यायचा ते तिथेच समजतं.

उच्चाराबद्दल थोडंसंच. 'मिलिक' ऐकू आलं तर एकाच टाळीत 'मिल्क' म्हणायला लावते. चीज आणि एग्जमधला ज 'जीव'मधला नको, 'जड'मधल्याच्या जवळचा हवा. सूप आणि सोपमधले ऊ आणि ओ मराठीत आहेतच, तोंडाला काही नवं नाही. इथे गोंधळ उडतो तो लक्षात ठेवण्याचा. 'चूक' हा शब्द मी वापरत नाही. मुलाने 'सोप' म्हटलं की अस्वल खरोखरच साबण आणून ठेवतं, तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची उजळणी, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने. सहाही शब्द उलटसुलट यायला लागले की ब्रेडला निरोप द्यायचा आणि त्या जागी चिकन आणायचं. कारण चिकन मागितलं की आमचं अस्वल सरळ किचनमध्ये जाऊन उभं राहतं आणि बाहेरच येत नाही.