बोट गोव्याला न्यायची होती

माझा धंदा इंजिनाचा. उरणजवळच्या करंजाला ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता काही वर्षांपासून मुंबईतल्या हौशी लोकांच्या शिडाच्या बोटींची पण कामं घेतो, पैसे बरे मिळतात आणि हात कमी काळे होतात. कोळ्याच्या घरात जन्मलो तरी मला बोट लागते हे आधीच सांगून टाकतो, घरचे अजून चिडवतात.

तर पुण्याच्या एका डॉक्टरांनी ३३ फुटी सेकंडहँड यॉट घेतली. बोट गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधलेली, आणि डॉक्टरांना ती डिसेंबरच्या सुट्टीत गोव्याला पाहिजे. त्यांनी मला आणि स्कीपरला बोलावलं. स्कीपर म्हणजे नेव्हीतून रिटायर झालेले कोल्हापूरचे गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना चीफ म्हणतो. डॉक्टर सगळं लिहूनच आले होते, ट्रकने नेली तर काय, जहाजावर टाकून नेली तर काय, ओढत नेली तर काय आणि चालवत नेली तर काय. माणूस हुशार, पण त्यांच्या कागदावर सगळीकडे फक्त रुपये लिहिलेले.

ट्रकचं मी सांगितलं. बोट रुंदीला ३.३ मीटर आणि आपल्या रस्त्यावर गाडीला रुंदीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे ती साधी ट्रकची ट्रिप राहत नाही, ओडीसी होते, म्हणजे मापाबाहेरचा माल, त्याची वेगळी परवानगी, पुढे पायलट गाडी, रात्री चालायचं का दिवसा ते पण परवानगीवर. खाली १.८ मीटर खोल जाणारी कील, म्हणजे तळाचं वजनदार पातं आहे, ती काय काढून खिशात ठेवता येत नाही, म्हणजे क्रेडलवर, म्हणजे आधाराच्या सांगाड्यावर बसवून लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर ठेवली की जमिनीपासून केबिनच्या छपरापर्यंत सव्वाचार मीटरच्या आसपास जाणार, मग गावागावातल्या वायरी बघत जायचं, वर चढून कोणीतरी बांबूने वायर उचलणार. त्यात मुंबई-गोवा हायवे. त्या हायवेबद्दल मी काही बोलत नाही, ज्याने कशेडी आणि परशुराम घाट पाहिलाय त्याला सांगायला नको. मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, १४ मीटरचा, तो उतरवायचा, सगळ्या वायररोप सोडून नंबर टाकून बांधायच्या, गोव्याला परत उभा करायचा. आणि क्रेन दोन्हीकडे. हायड्रा क्रेनवाल्याला पाच टनाचं वजन जड नाही हो, पण पट्टे कुठे लावायचे ते त्याला माहीत नसतं, एक पट्टा प्रोपेलरच्या शाफ्टवर आला की शाफ्ट वाकलाच.

जहाजावर टाकायचं तर आपल्याकडे एका बोटीसाठी ते कोण करणार. युरोपातून कॅरिबियनला यॉटी नेणारी खास जहाजं आहेत, काही तर स्वतः थोडी बुडतात, बोटी आत तरंगत शिरतात आणि मग जहाज वर येतं, व्हिडिओ बघायला मजा येते. इथे मुंबईहून गोव्याच्या मुरगाव बंदराला तसलं काही नाही, मालवाहू जहाजाच्या डेकवर जागा मिळाली तरी त्याच्या वेळेने जायचं आणि क्रेडल-क्रेन आहेच.

ओढत न्यायचं चीफनी एका वाक्यात उडवलं. शिडाच्या बोटीला एक वेग असतो, पाण्यातल्या लांबीवरून ठरतो, या बोटीचा साधारण ७ नॉट, म्हणजे तासाला ७ सागरी मैल. त्याच्यावर ओढली की ती स्वतःच्याच लाटेत मागून बसायला लागते आणि पुढच्या क्लीटवर, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीवर येणारा ताण बघता बघता वाढतो. ट्रॉलरवाल्याला आठने जायची सवय, तो मागे बघत पण नाही. शिवाय विमा. डॉक्टरांच्या पॉलिसीत ओढून नेणं फक्त अडचणीत सापडलं तर चालणार होतं, घरून निघतानाच दोर बांधला तर नाही.

म्हणून चालवत. साधारण २३० सागरी मैल, ५ नॉटने ४६ तास. डिसेंबरमध्ये उत्तरेकडून दक्षिणेला जाणं म्हणजे उतारावर सायकल, पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा पाठीवर, समुद्र शांत. इंजिन तासाला ३ लिटर खातं, टाकी १०० लिटरची, म्हणून २० लिटरचे ५ कॅन वर बांधले. वाटेत कुठे पंप नाही, मच्छीमार जेट्टीवर डिझेल असतं पण ते त्यांच्या कोट्याचं, तिथे यॉट लावून मागायला जाऊ नये, बरं दिसत नाही.

मी दोन दिवस इंजिन बघितलं. ऑइल, फिल्टर, बेल्ट, स्टर्न ग्लँड, सगळं. इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, बदलायचा का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "जुना चांगला आहे, आणि स्पेअर मी ऑनलाइन मागवलाय, ड्रॉवरमध्ये आहे." ड्रॉवर उघडला, बॉक्स होता, वर इंजिनाच्या कंपनीचं नाव होतं, ड्रॉवर बंद केला. बॉक्स उघडला नाही. हे माझ्याकडून झालं आणि याची सबब नाही.

शनिवारी पहाटे साडेचारला निघालो, चीफ, मी आणि डेकवर कामाला एक बावीस वर्षांचा पोरगा. चीफनी जिथे कळवायचं तिथे सगळं कळवलं होतं, माणसं कोण, मार्ग कोणता, कधी पोचणार. कंपासशेजारी कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ नंबर चिकटवलेला. कान्होजी आंग्रे दीपगृह, म्हणजे आपली खांदेरी, मागे टाकली आणि बाहेरून गेलो, कारण रायगडच्या किनाऱ्याला आतून गेलं की डोलजाळी आणि त्यांचे खुंट, दिवसा पण चुकवता चुकवता जीव जातो. दिवसभर मस्त गेली. मुरुडच्या पुढे डॉल्फिन दिसले, पोऱ्याने रील काढली. दुपारी दीडला वारा धरला, शीड आणि इंजिन दोन्हीवर सहाच्या वर जात होतो. संध्याकाळी साडेसातला वारा पडला, शिडं गुंडाळली, नुसतं इंजिन.

नऊ वाजून गेले होते. दाभोळजवळच्या टोळकेश्वर दीपगृहाचा दिवा डाव्या बाजूला लुकलुकत होता. मी चहा घेऊन बसलेलो आणि मला आवाज वेगळा आला. शिडाच्या बोटीचं एक्झॉस्ट पाण्याबरोबर बाहेर पडतं, बुडबुड-फस्स, बुडबुड-फस्स असं. ते फस्स बंद झालं होतं, नुसता कोरडा घोगरा आवाज. मी चहा टाकून ओरडलो, "चीफ, बंद करा!" आणि त्याच वेळी टेंपरेचरचा अलार्म पण वाजला. इंजिन बंद. एकदम एवढी शांतता झाली की कॅनमधलं डिझेल हिंदकळताना ऐकू येत होतं.

कारण काय तर प्लास्टिकची पिशवी. समुद्राचं पाणी आत घ्यायच्या भोकावर चिकटलेली, इंजिन बंद झाल्यावर ओढ गेली आणि ती आपोआप सुटली, पोऱ्याने टॉर्चच्या उजेडात मागे तरंगताना बघितली. पण तेवढ्यात पंप कोरडा फिरला होता. इम्पेलरला पाणीच वंगण, कोरडा फिरला की मिनिटा-दोन मिनिटांत पाती तुटतात. सहापैकी तीन तुटलेली. मी इंजिनाच्या खोपटात डोकं घालून, बोट आडवी पडून डोलतेय, नाकात गरम रबराचा आणि डिझेलचा वास. दोनदा वर येऊन उलटी केली. पोरगा म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही कोळी ना?" त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मग ड्रॉवरमधला बॉक्स उघडला. व्यास बरोबर, पाती सहा, रुंदी बरोबर, आणि मधलं भोक मोठं. दुसऱ्या मॉडेलच्या पंपाचा होता. शाफ्टवर घातला तर बांगडीसारखा फिरत होता. चीफ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता अवस्था अशी, किनारा सात-आठ मैलांवर, वारा शून्य, इंजिन नाही, आणि जीपीएसवर आम्ही तासाला अर्धा मैल मागे, मुंबईकडे सरकतोय. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याला प्रवाह उत्तरेकडे असतो, हे मला ऐकून माहीत होतं पण असं आकड्यात बघितलं नव्हतं. दिवसभर मिळवलेले मैल समुद्र हळूहळू परत घेत होता.

अकराच्या सुमारास एक ट्रॉलर सरळ आमच्यावर आला. व्हीएचएफ रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. जवळ येऊन सर्चलाइट मारला आणि आवाज आला, "ओ शेठ, झोपलात काय? पुढं आमची जाळी हाय!" मी वर गेलो आणि आपल्या भाषेत बोललो, करंजाचा म्हणून सांगितलं, इंजिन गेलंय म्हणलं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, हर्णेचा निघाला, वयाने मोठा. त्याला करंजातली चार माणसं माहीत, त्यातला एक माझा चुलता निघाला. मग सूर बदलला. म्हणाला दोर टाकू काय, दाभोळात सोडतो. मी चीफकडे बघितलं. चीफ म्हणाले, "काका, तुम्ही चारने ओढाल?" तो हसायला लागला, "चारनं? माझं इंजिन चारनं झोपतंय." मग खरं बोलला, की जाळी टाकलेली आहे, ती सोडून ओढायला आलो तर रात्रीचं नुकसान, पण तुम्ही म्हणाल तर येतो. आम्ही नको म्हणलं. त्याने आकाशाकडे नाही, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोनला मतलई सुटंल. तवर वरचा दिवा लावून ठेवा, जाळीकडं सरकलात तर मी हाकलीन." आणि दोन बांगडे फेकले डेकवर. मला वासाने परत मळमळलं, पण मनापासून बरं वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी गालाला गार लागलं. जमिनीवरून, त्यात गवत जाळल्यासारखा वास. पोऱ्याने आणि चीफनी शिडं चढवली आणि बोट आवाज न करता चालायला लागली, साडेचार नॉट. ट्रॉलरवाल्याने दिवा दोनदा उघडझाप केला.

जयगडचं दीपगृह दिसत होतं पण खाडीत शिरणं सोपं नव्हतं, कारण जो मतलई आम्हाला घेऊन आला तोच आता खाडीच्या तोंडातून समोरून येत होता, आणि शिडाची बोट सरळ वाऱ्यात जात नाही, नागमोडी जावं लागतं. तिथे मोठ्या जहाजांचा रस्ता आहे. चीफनी रेडिओच्या चॅनेल १६ वर कळवलं की आम्ही शिडावर आहोत, इंजिन नाही, बाजूने येतोय. शेवटच्या मैलाला दोन तास गेले. तवसाळची फेरीबोट आमच्या पुढून दोनदा जाऊन आली, त्यातले लोक हात करत होते. साडेआठला किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला.

थोड्या वेळाने पोलीस आले, कागद बघितले, तिघांची आधारकार्डं बघितली, कुठून कुठे विचारलं. २००८ नंतर अनोळखी बोटीला हे होणारच. नीट बोलले, एकाने तर नीट कुठे जेवायचं ते पण सांगितलं.

मग डॉक्टरांचा फोन. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिथूनच ट्रक लावू, संपवा." परत तोच कागद उघडला. पण जयगडला उचलणार कुठे? मोठं बंदर आहे ते कोळसा-मालाचं, आमच्यासाठी कोण क्रेन देणार. मच्छीमार जेट्टीला ओहोटीला गाळ उघडा पडतो, कील गाळात बसली की बोट आडवी. मी म्हणलं, साहेब, एक रबराचं चक्र पाहिजे, ट्रक नको. पण रविवार होता, मुंबईचं दुकान बंद. सोमवारी भावाने जाऊन आणला, मी त्याला व्हिडिओ कॉलवर व्हर्नियर लावून मधलं भोक मोजायला लावलं, तीनदा. रात्री पनवेलला गोव्याच्या एका बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं दिलं, मंगळवारी पहाटे हायवेवरच्या निवळी फाट्यावर मी उभा. ड्रायव्हरने खिडकीतून पुडकं दिलं, म्हणाला, "एवढ्याशासाठी?" चाळीसेक किलोमीटर रिक्षाने परत.

दोन दिवस मी तिथे काय केलं तर तुटलेली पाती शोधली. तीन पाती तुटली म्हणजे तीन सापडली पाहिजेत, नाहीतर ती पुढे जाऊन पाण्याचा रस्ता अडवतात आणि नवीन इम्पेलर घालून पण इंजिन गरमच होतं. दोन पंपाच्या पुढच्या पाइपात मिळाली. तिसऱ्यासाठी हीट एक्स्चेंजरचं झाकण उघडलं, एका नळीच्या तोंडावर नखाएवढा काळा तुकडा बसलेला. चिमट्याने काढून चीफना दाखवला. त्यांनी हातात घेऊन बघितला आणि शनिवारपासून पहिल्यांदा हसले.

मंगळवारी दुपारी तीनला निघालो. विजयदुर्ग, देवगड रात्रीत गेले, सकाळी वेंगुर्ल्याच्या बाहेरचे खडक उजव्या हाताला, आणि बुधवारी दुपारी गोव्याच्या मांडवी नदीत. डॉक्टर गाडीने आधीच येऊन काठावर उभे. बोट बघून खुश झाले, मग बोटांवर मोजलं. "पाच दिवस. ट्रकने आली असती की दोन दिवसांत." चीफ म्हणाले, "आली असती. परवानगी मिळून निघायला महिना, मग दोन दिवस."

परवा त्यांचा फोन आला. पावसाळ्याच्या आधी बोट मुंबईला परत न्यायची, मे महिन्यात सुट्टी मिळतेय, "तुमचं तेच ना, चालवतच?" मी म्हणलं नाही. मे महिन्यात वायव्येचा वारा सकाळपासून तोंडावर, लाट पण तोंडावर, ५ नॉटचे ३ होतात, २३० मैल इंजिनावर आपटत जायचं आणि वर पावसाळा डोक्यावर. यावेळी ट्रक बघा, आणि परवानगीला आत्ताच टाका. ते जरा वेळ गप्प.

"आणि कशेडी?"

"कशेडी नको, चोर्ला घाटाने वर चढवायची का ते लो-बेडवाल्याला विचारतो," म्हणलं. "मास्ट मात्र मी स्वतः उतरवणार."