बंदूक वारसाने आली, परवाना नाही

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं कार्यासन माझ्याकडे आहे. कोकणातला जिल्हा, त्यामुळे अर्ज बहुतेक शेतीसंरक्षणाचे. रानडुक्कर, माकडं, आणि त्यांच्यासाठी बारा बोअरची नाहीतर ठासणीची बंदूक. परदेशात राहणारी माणसं माझ्या टेबलापर्यंत येतात ती आई-वडिलांच्या मागे राहिलेली कामं उरकायला. बँक, सातबारा, घरपट्टी, आणि यादीत सगळ्यात शेवटी बंदूक.

त्या ताई जूनच्या सुरुवातीला आल्या. अमेरिकेत स्थायिक, पासपोर्ट तिकडचा, जवळ ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते. वडील जाऊन आठ महिने झालेले. धाकटा भाऊ दुबईत, तो अजून भारतीय नागरिक.

"मॅडम, बाबांची बंदूक भावाच्या नावावर करायची आहे. परवा रात्री माझं विमान आहे."

त्यांनी परवाना पुस्तिका पुढे केली. इतकी नीट ठेवलेली पुस्तिका क्वचित बघायला मिळते. नूतनीकरणाचे शिक्के ओळीने, आणि मागच्या पानांत पोलीस ठाण्याच्या पावत्या टाचलेल्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा केल्याच्या आणि परत नेल्याच्या. २००४, २००९, २०१४, २०१९. एकही चुकलेली नाही. मी पानं उलटत होते तेवढ्यात, "नंबर जुळवायला लागेल म्हणून हीपण आणली," म्हणत त्यांनी पर्समधून एक फडकं काढलं आणि काडतुसं टेबलावर मोकळी केली. पितळी बूड हिरवं पडलेलं, कागदी नळ्या दमटपणाने फुगलेल्या.

मी विचारलं, "हीच पर्स घेऊन विमानतळावर जाणार?"

"हो."

फडक्याची गाठ सैल होती. मी त्यांना सगळी पर्स रिकामी करायला लावली. घडी केलेल्या छत्रीत आणखी एक काडतूस अडकलेलं निघालं. ताईंचा चेहरा उतरला, पण मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हेच काडतूस विमानतळावरच्या तपासणीत दिसलं असतं, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल झाला असता. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितलेलं आहे, आणि नकळत सामानात राहिलेल्या काडतुसांचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण तो आदेश हातात पडेपर्यंत विमान गेलेलं असतं, नोकरीवरची रजा संपलेली असते आणि माणूस परक्या गावात वकील शोधत फिरत असतो.

बंदूक घरीच होती, माजघरातल्या कपाटात. घर बंद, किल्ली शेजारच्या गड्याकडे. बंदूकही सोबत आणायचा त्यांचा विचार होता. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर नको म्हणाला म्हणून राहिली. त्या ड्रायव्हरचे उपकारच म्हणायचे. परवानाधारक गेला की परवाना त्याच्याबरोबर संपतो. बंदुकीची मालकी वारसांकडे येते, ती बाळगण्याचा हक्क येत नाही. कलम २१ म्हणतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की अनावश्यक विलंब न करता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. इथे आठ महिने गेले होते.

मी ताईंना घेऊन निवासी उपजिल्हाधिकारी साहेबांकडे गेले. आत जाताना मला धाकधूक होती. कायद्यावर बोट ठेवायचं म्हटलं तर त्या बाईंना तिथेच अडकवता आलं असतं. साहेबांनी पुस्तिका हातात घेतली, निवडणुकीच्या पावत्या बघितल्या आणि विचारलं, "तुम्ही स्वतःहून आलात ना?" मग ठाण्याला फोन लावला. हवालदार आले, पंचांसमोर काडतुसं मोजून सीलबंद झाली. त्यांच्यासोबतच ताई गावी गेल्या, कपाट उघडलं, बंदूक हवालदारांनी उचलली आणि संध्याकाळपर्यंत ती ठाण्यात जमा झाली. पावतीची प्रत माझ्या फाईलला लागली. स्वतःहून हत्यार जमा करायला आलेल्या माणसाला धाक दाखवला तर पुढचा वारस ते विहिरीत टाकेल. साहेबांनी केलं तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुबईहून भावाचा व्हिडिओ कॉल. त्याने नियम वाचलेले होते.

"मी भारतीय नागरिक आहे, वारस आहे. शस्त्र नियम २०१६, नियम २५. मग अडचण काय?"

अडचण पासपोर्टची नव्हतीच. नियम २५ वारसाला परवाना देऊ शकतो, बहिणीची ना हरकत मिळाली असती. पण अर्ज जातो तो राहत्या पत्त्यावरून, पोलीस चौकशी होते ती त्या पत्त्यावर, आणि हत्यार कुठे सुरक्षित ठेवणार ते लिहून द्यावं लागतं. मी त्यांना एवढंच विचारलं, "वर्षातून किती दिवस तुम्ही या घरात असता?" बराच वेळ उत्तर आलं नाही. शेवटी म्हणाले, "गणपतीत येतो. तेही दरवर्षी नाही."

बंद घरातली बंदूक चोरीला गेली तर जाब परवानाधारकाला द्यावा लागतो, आणि तिने कुणाचा जीव गेला तर तो कुठल्याच जबाबाने परत येत नाही. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

ताईंनी स्वतःचंही विचारून घेतलं. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाग वारसाने आली म्हणून त्यांच्या नावावर राहू शकते. बागेचं तसं बंदुकीचंही असेल अशी त्यांची समजूत होती. बाग सांभाळायला परवाना लागत नाही, एवढाच तो फरक.

चुलतभावाने घ्यावी असाही विचार झाला. त्याच्या परवान्यावर आधीच दोन हत्यारं. २०१९ च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा तोही मार्ग बंद. राहिली विक्री. जमा असलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत अधिकृत माणसाला विकायची मुभा कलम २१ च देतं. मुदत टळली तर ते सरकारजमा होऊ शकतं. ताईंनी जाण्याआधी संमती लिहून दिली. भावाचं संमतीपत्र दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन आलं आणि बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे गेली.

मला चुटपुट लागून राहिली ती नियम २५ च्या दुसऱ्या भागाची. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, तर तो हयातीतच वारस सुचवू शकतो. त्या वडिलांच्या दोन्ही अटी कधीच पूर्ण झाल्या होत्या. निवडणुकीची एकही पावती न हरवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी मुलांशी बोलून बंदूक स्वतःच्या हातानेच मार्गी लावली असती.

म्हणून हल्ली सत्तरी ओलांडलेले आजोबा नूतनीकरणाला आले की मी आधी विचारते, मुलं कुठे असतात? परवा एकजण अभिमानाने म्हणाले, "एक सिडनीला, एक टोरांटोला." त्यांना मी खुर्ची दिली आणि नियम २५ सावकाश वाचून दाखवला. पुढच्या सोमवारी ते शेती बघणाऱ्या पुतण्याला घेऊन येणार आहेत. पुतण्या वारसात बसत नाही, त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागेल, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलंय.