रिकाम्या टाकीला खाऊ

“मासे आज मिळणार नाहीत,” दुकानदार म्हणाला. माझ्यापुढचे बाबा पाकीट काढून उभे, लेकीचं बोट गोल्डफिशवर.

“टाकी परवाच भरलीत ना? महिनाभर थांबा.” त्याने आपल्या फिल्टरमधल्या जुन्या, तपकिरी स्पंजचा तुकडा कापून पिशवीत बांधून दिला. फुकट! “नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतील. आणि रोज चिमूटभर खाऊ टाका.”

“पण मासेच नाहीत, मग खाऊ कोणाला?” पोरीने विचारलं.

“स्पंजला.”

खरंच होतं ते. खाऊ कुजून अमोनिया होतो. स्पंजमधले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही फौज उभी राहायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात, जुना स्पंज मिळाला तर कमी. तोवर पाणी नितळ दिसतं आणि मासे मरतात. (शिव्या मात्र दुकानदाराला.)

विक्री सोडून गिऱ्हाइकाला थांबायला सांगणारा दुकानदार तुमच्या ओळखीत आहे का? कुठल्याही धंद्यातला चालेल.