अण्णांची टोपी

आमच्या मंडळाचं गुढीपाडव्याचं संमेलन कधी वेळेवर सुरू झाल्याचं मला आठवत नाही. सुरू झालं, तरी मध्ये एकदा हमखास अडायचं. अमेरिकेत ओरलँडोजवळच्या एका शाळेचं सभागृह दिवसभरासाठी भाड्याने घेतलेलं असायचं. मुलांचं लेझीम संपायचं, पुढे मोठ्यांची एकांकिका असायची आणि पडद्यामागे नेमकी कुणाची तरी मिशी हरवलेली असायची. मग सूत्रसंचालन करणाऱ्या वहिनी काकुळतीने पहिल्या रांगेकडे बघायच्या. तिथे अण्णा बसलेले असायचे, मांडीवर पारदर्शक पिशवीत घडी न मोडता ठेवलेली टोपी घेऊन.

"अण्णा, पाच मिनिटं."

अण्णांना तेवढंच हवं असायचं.

टोपी साधी, पांढरी. समोर लाल, पिवळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची छत्री, आणि टोपीच्या झापेवर काळ्या शाईत, शाळेतल्या पुस्तीवर गिरवावं तसं स्वच्छ लिहिलेलं अमेरिकेच्या नामवंत गोल्फपटूचं नाव: अर्नोल्ड पामर. ही सही अण्णांनी कशी मिळवली, याची गोष्ट आमच्या संमेलनात दर वर्षी व्हायची. कार्यक्रमपत्रिकेत ती कधीच नसायची, पण तिच्याशिवाय संमेलन झालंय असं वाटायचं नाही.

अण्णा गोल्फकडे वळले पन्नाशीनंतर, गुडघ्यांनी क्रिकेटला नकार दिल्यावर. खेळायचे वाईटच. चेंडू तळ्यात गेला की खेळपट्टीला दोष द्यायचे, जणू गोल्फलाही खेळपट्टी असते. पण पामरचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तो माणूस आवडायचं कारणही ते सरळ सांगायचे: "बाकीचे फोटो काढून घेतल्यासारखे मारतात. हा गल्लीत खेळल्यासारखा मारतो." खरंच होतं ते. पामरचा फटका देखणा नव्हता. सगळं अंग झोकून मारायचा आणि शेवटी हातातला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, डोक्यावर गरगरत जायचा.

लॅट्रोबची हकिगत अण्णा विशेष रंगवायचे. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. पामरचे वडील तिथल्या क्लबात हिरवळीची निगा राखायचे आणि सभासदांना खेळ शिकवायचे. नोकराचा मुलगा म्हणून पामरला त्या मैदानावर सभासदांच्या मुलांसारखं खुशाल हिंडता यायचं नाही. १९७१ मध्ये त्याने तो क्लबच विकत घेतला. इथे अण्णा थांबायचे आणि सभागृह टाळ्या वाजवायचं. गोल्फमधलं ओ की ठो न कळणाऱ्या आज्जीसुद्धा.

मग १९६० ची गोल्फची यूएस ओपन. गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळ संपवेल तो जिंकतो. डेन्व्हरजवळचं चेरी हिल्स, शेवटची फेरी, पामर सात फटक्यांनी मागे. पहिल्याच होलवर त्याने टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू थेट ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, पोचला, ३४६ यार्ड. पहिल्या सात होलांत सहा बर्डी, फेरी ६५ फटक्यांत पुरी आणि स्पर्धा खिशात. दोन फटक्यांनी मागे राहिलेला, दुसऱ्या क्रमांकाचा हौशी खेळाडू होता वीस वर्षांचा जॅक निकलॉस, पुढे गोल्फमधला दिग्गज झालेला. बर्डी म्हणजे होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, हे अण्णा दर वर्षी समजावायचे आणि आम्ही दर वर्षी विसरायचो.

आता मूळ प्रसंग. तिथे मी स्वतः हजर होतो, म्हणून सांगतो.

मार्च २०११. ओरलँडोजवळच्या बे हिलच्या गोल्फ मैदानावर पामरच्या नावाची स्पर्धा. मुख्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं रजा टाकून गेलो. फोन अण्णांच्या हट्टापायी गाडीतच ठेवले होते, "देवळात फोन नेतो का कुणी?" म्हणून. त्यामुळे फोटो नाही. पुढे गोष्ट फुगत गेली, त्याचं मूळ इथे.

दोरीपलीकडून एक गोल्फकार्ट हळूहळू आली आणि आमच्यापासून चार हातांवर थांबली. चालवणारे म्हातारबुवा म्हणजे पामर. तेव्हा ८१ वर्षांचे. माणसं सरकली, टोप्या पुढे झाल्या. अण्णांनीही टोपी पुढे केली, पण पेन आणलंच नव्हतं. शेजारच्या बाईंनी आपलं दिलं. पामरनी टोपी मांडीवर सपाट केली आणि घाई न करता एकेक अक्षर लिहिलं. चाहता तिष्ठत उभा राहिला तर त्याला निदान वाचता येईल असं नाव द्यावं, हा त्यांचा आग्रहच होता. तरुण खेळाडूंनी नुसती रेघ ओढली की ते त्यांना टोकायचे. टोपी परत देताना त्यांनी अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं, अंगठा वर केला आणि गाडी पुढे गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट. बोलले असतील तर एखादा शब्द; माझ्या कानावर काही आलं नाही.

त्या वर्षीच्या संमेलनात अण्णांनी सांगितलं ते जवळपास एवढंच होतं.

२०१२ मध्ये त्या अर्ध्या मिनिटाची दोन मिनिटं झाली. पुढच्या वर्षी पामरनी अण्णांचं गाव विचारलं. २०१४ मध्ये गुडघ्यांची चौकशी केली. २०१५ मध्ये तर अण्णांनी व्यासपीठावरच छत्री उलटी धरून, पामरनी पकड कशी सुधारून दिली, त्याचं प्रात्यक्षिक केलं. मी खाली बसून मान डोलवायचो. साक्षीदाराने गप्प राहावं, असा आमच्यात न बोलता झालेला करार होता.

मुलांची मात्र वेगळीच अडचण होती. जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी आइस्ड टीचा आणि लेमोनेडचा असे दोन मोठे जग असायचे. पोरं दोन्ही एकत्र ओतून घ्यायची आणि एकमेकांना विचारायची, "तुला अर्नोल्ड पामर हवा?" त्या मिश्रणाला अमेरिकेत हेच नाव आहे, कारण पामर ते तसं मागवायचे. यातल्या कितीतरी पोरांचा जन्म विनी पामर इस्पितळातला, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या नावाच्या. तरी हा जिताजागता माणूस आहे, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. अण्णा कपाळावर हात मारायचे.

२५ सप्टेंबर २०१६ ला पामर गेले. वय ८७. अण्णांचा फोन आला, "कळलं ना?" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ ठेवला नाही.

२०१७ च्या मार्चमध्ये आम्ही बे हिलला गेलो. पामरचा उंच ब्राँझचा पुतळा उभारला होता. अण्णा त्याच्याकडे पाहत राहिले आणि "फारच मोठा केलाय" म्हणून वळले. विजेत्याला त्या वर्षीपासून लाल कार्डिगन मिळू लागला. तो त्यांना आवडला.

त्यानंतरच्या संमेलनात एकांकिकेतल्या राजाचा फेटा सुटला. वहिनींनी पाहिलं, अण्णा उठले, टोपी काढली. मी मान डोलवायच्या तयारीत.

"एक राहिलंय सांगायचं," अण्णा म्हणाले. "सही झाल्यावर मी काय केलं, ते या माणसाने इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही." माझ्याकडे बोट. "मी वाकलो. पाया पडायला. त्यांना वाटलं, माझं काही पडलं. तेही गाडीतून वाकून गवतात शोधायला लागले. ८१ वर्षांचा माणूस! दोघंही वाकलेले, आणि पडलेलं काहीच नाही. मग त्यांनी मान वर केली, हसले, अंगठा दाखवला. झालं. पकडबिकड काही नाही, गुडघेही नाहीत. अर्धं मिनिट."

सभागृह आधी हसलं. मग शांत झालं. पडद्यामागून कुणीतरी फेटा झाल्याची खूण केली, पण वहिनी हलल्या नाहीत.

पुढच्या रांगेतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, हातात तो चहा-लिंबाचा पेला तसाच, उभा राहिला.

"आजोबा, मग शेवटी पाया पडलात का?"

अण्णांनी टोपी पिशवीत ठेवली.

"नाही रे. मध्ये दोरी होती."