तुम्ही विचारलंत म्हणून: गावातल्या शाळेला काय द्यावं?

"खेड्यातल्या एखाद्या शाळेला मदत करायची फार दिवस मनात आहे. काय द्यावं?" हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. कुणाला आईवडिलांच्या नावाने काहीतरी करायचं असतं, कुणाच्या कंपनीत निधी शिल्लक असतो, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं. विचारतानाच बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: दप्तरं, वह्या, कॉम्प्युटर, फार तर एखादी खोली. माझं उत्तर वेगळं असतं आणि फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

शिकवणाऱ्या माणसाचं मानधन द्या. गावातलीच एखादी बारावी झालेली ताई मागे पडलेल्या मुलांना घेऊन रोज दोन तास बसेल. तिचं मानधन, तिचं प्रशिक्षण आणि अधूनमधून येऊन तिचा वर्ग बघणाऱ्या, अडलं तिथे सांगणाऱ्या माणसाचा खर्च एवढं उचला. आणि ते एका वर्षासाठी नाही, निदान तीन वर्षांसाठी.

असं का म्हणते ते समजायला चौथी-पाचवीतल्या एखाद्या मुलाची वही बघायला हवी. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, शुद्धलेखनाची पानंच्या पानं भरलेली. आता त्याच पानावरची एक ओळ वाचायला सांगा. मूल अक्षराखाली बोट ठेवतं. "पा... ऊ... स..." तीनही अक्षरं बरोबर येतात, पण त्यांचा 'पाऊस' काही होत नाही. मग ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने एखादा शब्द म्हणून टाकतं. फळ्यावरचं बघून उतरवणं त्याला उत्तम जमतं, पण वाचणं त्याला कुणी थांबून शिकवलेलंच नसतं. पहिलीत ते आजारी पडलं असेल, घरचे कामासाठी दुसरीकडे गेले असतील, किंवा एकच शिक्षक तीन इयत्ता सांभाळत असतील. पुस्तक पुढे गेलं आणि मूल तिथेच राहिलं. त्यानंतर दरवर्षी त्याला एक नवं पुस्तक मिळत गेलं, आधीच्यापेक्षा अवघड.

अशा मुलाच्या हातात आपण आणखी एक पुस्तक दिलं तर काय होईल, हे १९९०च्या दशकात पश्चिम केनियातल्या खेड्यांत तपासून झालं आहे. एका संस्थेने काही शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं पुरवली आणि त्यांची तुलना पुस्तकं न मिळालेल्या शाळांशी केली. सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. पुस्तकांच्या दर्जात खोट नव्हती, पण बहुतेक मुलांना ती वाचताच येत नव्हती.

कॉम्प्युटरचंही तेच झालं. पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा अभ्यास ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत झाला. मुलांमागे लॅपटॉपचं प्रमाण कितीतरी वाढलं, वापरही वाढला, पण साधारण सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काही फरक दिसला नाही. देणगीतून आलेले कॉम्प्युटर मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आवरणासकट ठेवलेले दिसले की देणारे नाराज होतात. मला मुख्याध्यापकांचा राग येत नाही. वस्तू स्टॉक रजिस्टरला चढली की ती मोडली, हरवली तर जाब त्यांनाच द्यायचा. विजेचं बिल कुठून भरायचं, दुरुस्तीला माणूस कुठून आणायचा, याची तरतूद देणाऱ्याने केलेली नसते. वस्तू एकदाच येते आणि खर्च दर महिन्याला येतो. नेमका तो दर महिन्याचा खर्च उचलायला कुणी पुढे येत नाही, कारण त्याचा फोटो काढता येत नाही आणि त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. हे मला मनापासून खटकतं.

शिकवणाऱ्या माणसावर पैसे घातले तर काय होतं, याचा पुरावा आपल्याजवळच आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत आणि अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी या पायऱ्यांपासून सुरुवात करत. २००१ ते २००३ या काळात त्याची शिस्तीत तपासणी झाली. मुलं खरोखर पुढे सरकली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. हे काम शहरातलं होतं, हे खरं. खेड्यांसाठी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचा अनुभव बघावा लागतो. तिथे गावातल्या स्वयंसेवकांना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग सुरू केले गेले. जी मुलं येत राहिली त्यांची प्रगती थक्क करणारी होती. पण शाळेबाहेरच्या त्या वर्गांना येणारी मुलं फार थोडी होती. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यातलीही बहुतेक आली नाहीत. पुढे हीच पद्धत शाळेच्या वेळात, शाळेच्या आवारात आणली गेली तेव्हा मोठ्या प्रमाणावर फळ दिसलं.

म्हणून तुमची ताई शाळेच्या वेळात, शाळेच्याच व्हरांड्यात बसली पाहिजे. तिला मानधनही मिळालं पाहिजे. "गावासाठी करायचंय तर पैसे कशाला?" असं काहीजण विचारतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. तिच्याही घरात चूल पेटायची असते, शेतातली रोजंदारी सोडून ती येते. फुकटचं काम पेरणीच्या दिवसांत पहिल्यांदा बंद पडतं आणि त्यात तिचा दोष नसतो. उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांचा पगार हजर दिवसांशी जोडला आणि हजेरीसाठी तारीख-वेळ उमटवणारे कॅमेरे दिले, तेव्हा गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. त्यातल्या कॅमेऱ्यांच्या पाळतीपेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते: जो येतो त्याला त्याच्या येण्याचा मोबदला वेळेवर मिळाला.

वस्तू कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. अडचण नेमकी कुठे आहे ते कळलं आणि ती एखाद्या वस्तूने दूर होत असेल तर जरूर द्यावी. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या आणि ही वाढ ठळक दिसली ती शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. तिथे अंतर हीच अडचण होती, म्हणून सायकल कामाला आली. केनियातच मुलांना जंताच्या गोळ्या दिल्यावर शाळेतली गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने घटल्याचं दिसलं होतं. त्या आकडेमोडीवर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला, पण पोट दुखत असेल तर मूल शाळेत येत नाही आणि आलं तरी लक्ष लागत नाही, हे कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

आता गावाच्या वाट्याबद्दल. "सगळं आम्हीच द्यायचं का?" हाही प्रश्न हमखास येतो, आणि तो कंजूषपणाचा नाही. अमेरिकेत ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय खेड्यांत शाळा बांधायला १९१२ पासून पैसे दिले. अट अशी की गावाने आणि सरकारी शिक्षण खात्यानेही आपला हिस्सा घालायचा. १९३२ पर्यंत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. गावकऱ्यांनी जमीन दिली, लाकूड तोडून आणलं, अंगमेहनत केली. वीज नाही हे धरून त्या शाळांचे आराखडे केले होते: उंच खिडक्यांची अखंड रांग, आणि इमारतीची दिशाही अशी की दिवसाचा उजेड जास्तीत जास्त वेळ वर्गात राहावा. वापरणाऱ्याचा विचार करून दिलेली देणगी म्हणजे काय, हे त्या खिडक्यांत दिसतं. महाराष्ट्रात १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणत मुलांच्या श्रमालाच शिक्षणाचा आधार केलं, तेही याच प्रकारचं काम.

पण त्या अमेरिकन गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ती माणसं कर भरतच होती. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा चालत आणि आपल्या शाळेसाठी त्यांना पदरचं पुन्हा घालावं लागे. सर्वांत गरिबाने दोनदा मोजायचं, हा न्याय नव्हे. म्हणून मी गावाकडे रोख वर्गणी मागायच्या विरोधात आहे. वर्ग कुठे बसायचा, ताई कोण, तिची सुट्टी कधी, वर्ग बंद पडला तर कुणी बोलायचं, हे पालकांनी ठरवावं. ठरवण्याचा अधिकार हाच त्यांचा वाटा. आणि सरकारने जे द्यायचं आहे ते सरकारकडेच मागावं. शिक्षकाची रिकामी जागा तुमच्या देणगीतून भरली की ती भरा म्हणून खात्याच्या मागे लागायला कुणाचंच मन उरत नाही.

"तीन वर्षांनंतर काय?" हेही तुम्ही विचारालच. मुलं वाचायला लागली की त्या गावातला वर्ग आवरता घ्यावा आणि शेजारच्या गावात सुरू करावा. पाचवीतल्या मुलाला वाचायला शिकवण्याचं काम संपणारं आहे, संपायलाच हवं.

संस्था निवडायची कशी, एवढं सांगून थांबते. वार्षिक अहवालातले हसरे चेहरे बाजूला ठेवा. जी शाळा तुम्हाला दाखवतील तिथल्या मुलांना एक साधी गोष्ट वाचायला द्या. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: अक्षरं येतात, शब्द येतात, परिच्छेद येतो की पूर्ण गोष्ट. सहा महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा बसवा. आणि पैसे देण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा, तुमच्या वर्गांत येऊनही किती मुलांना अजून वाचता येत नाही? ज्याच्याकडे हा आकडा तयार असेल, आणि त्या मुलांसाठी पुढच्या महिन्यात काय करणार हेही सांगता येत असेल, त्याच्याकडे पैसे द्या.