डबीतला स्टुडिओ

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारभर दोबिन्यीची चित्रं पाहत होते, म्हणजे मनानं त्याच्या नावेतच होते. १८५७ साली या फ्रेंच चित्रकारानं एका नावेवर खोली उभारली, तिचाच स्टुडिओ केला आणि सीन-वाझ नद्यांवर हिंडत राहिला. नावेचं नाव 'बोतँ', म्हणजे छोटी डबी. सोबत मुलगा कार्ल. प्रवासातल्या गमती घरच्यांना दाखवायला काढलेली ही रेखाटनं. त्यांची एचिंग्ज, म्हणजे पत्र्यावर आम्लानं कोरून कागदावर छापलेली चित्रं, १८६२ मध्ये पॅरिसच्या कादारनं प्रकाशित केली.

एका चित्रावरून नजर हलेना. पोरगा घरी निघालाय आणि नदीतले मासे आनंदानं नाचताहेत, कारण आता गळ टाकणारं कुणी उरलं नाही! बापानं लेकाची काढलेली खोडी आहे ही. रेघाही तशाच, हसत हसत ओढल्यासारख्या.

हे एचिंगलाच जमतं, असं मला मनापासून वाटतं. तांब्याच्या पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर असतो. सुई फिरली की खालचं तांबं चमकतं, आणि तेवढंच मग आम्ल खातं. थेट धातू कोरायचा तर मनगटाला जोर लावावा लागतो, रेघ शिस्तीत येते. इथं जोर आम्लाचा; हात पत्र लिहिताना चालतो तसा मोकळा. थरथर, घाई, मध्येच बदललेला विचार, सगळं पत्र्यात उतरतं. फ्रेंच कवी बोदलेअरनंही त्याच १८६२ मध्ये लिहिलं होतं की, चित्रकाराचं अगदी आतलं व्यक्तिमत्त्व या पत्र्यावर न उमटणं अवघड.

कॉलेजात मी आजीच्या हातांचं एचिंग केलं होतं. आम्लातले बुडबुडे पिसानं हलवता हलवता भान राहिलं नाही, पत्रा जास्त वेळ आत राहिला. मनगटाजवळच्या बारीक सुरकुत्यांची एकच जाड काळी रेघ झाली. तेव्हा रडले होते. तरी तो ठसा मी टाकला नाही. बोटं मात्र तिचीच आली आहेत, पुसट, किंचित वाकलेली. ठसा उलटा उमटतो, म्हणून अंगठी दुसऱ्या हातात गेलीय.

झोपण्याआधी पुन्हा नावेतलं ते चित्र उघडलं: दोबिन्यी आपल्याकडे पाठ करून बसलाय, रंगवतोय, आणि समोर नदी.