फुकटचा सरकारी मोबाइल आणि नंबर जिवंत ठेवणं

‘सरकार फुकट फोन देतंय, लिंक दाबा’ हा मेसेज गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरत असतो. अमेरिकेत लाइफलाइन ही योजना खरीच आहे, 1985 पासूनची; पण त्यात फोन नव्हे, बिलात महिन्याला 9.25 डॉलरपर्यंत सूट मिळते. हँडसेट दिलाच तर फोन कंपनी देते. राजस्थानने 2023 मध्ये महिलांना स्मार्टफोन वाटले, तेही शिबिरात कागद तपासून. लिंकवर आधार आणि ओटीपी मागणारा चोरच समजा. पैसे गेलेच तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.

गोवा सरकारच्या गृह आधार किंवा दयानंद योजनेचे महिन्याचे पैसे घेणाऱ्या घरात खरी अडचण वेगळीच असते: बँकेला दिलेला नंबर बंद पडतो. जुना कीपॅड फोन कपाटात, रिचार्ज संपलेला. 90 दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच वापरलं नाही की सिम बंद होऊ शकतं. प्रीपेडमध्ये निदान 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून 30 दिवस वाढवून मिळतात. म्हणून महिन्यातून एकदा त्याच सिमवरून कॉल करा. नुसता फोन चार्ज करून भागत नाही.

नंबर गेलाच तर आधी आधार केंद्रात नवा नोंदवा. कागदपत्र लागत नाही, ठसे लागतात. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, मशीन घेत नाही. मग डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. पावती जपा. बँकेत मात्र वेगळा फॉर्म भरावा लागतो, आधारमधला बदल तिथे आपोआप पोचत नाही. इथेच अनेक जण अडतात.